न भरणारी घागर

घागर काही केल्या भरत नव्हती.

साठ-सत्तर बायका एकीमागून एक पुढे येत होत्या. कुणी पिशवीच्या तळातून, कुणी रुमालाच्या गाठीतून, कुणी कामाच्या ॲप्रनच्या खिशातून पिवळ्या गोळ्या काढत होती आणि मंचावरच्या पितळी घागरीत ओतत होती. एकेकीच्या तीस गोळ्या, महिन्याभराच्या. घागर काही फार मोठी नव्हती, कडेवर मावेल एवढीच. निम्मी रांग सरता सरता ती काठोकाठ भरायला हवी होती. पण भारबाबा मधूनच तिच्यात कोपरापर्यंत हात घालत, मूठ बाहेर काढत आणि पाचही बोटं फाकून दाखवत. हात रिकामा!

"कुठं गेलं विष?" बाबा विचारत.

"बाबांनी घेतलं!" बायका ओरडत.

"कुणासाठी घेतलं?"

"आमच्यासाठी!"

मग टाळ्यांचा ठेका धरून गाणं सुरू होई. दे गं बाई भार दे, माझ्या माथी भार दे. बाबांचा आवाज मात्र खरोखर गोड होता. मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या गोळीताईचे हात तिच्या नकळत टाळ्या वाजवायला लागले होते. गाऊन सांगितलेलं निरूपण म्हणजे तिचा जीव की प्राण. चांगला गळा ऐकला की तिचे डोळे भरून येत. देवावर तिची श्रद्धा होती, रोजच्या आंघोळीसारखी, न चुकता आणि बोभाटा न करता.

ती दवाखान्यात औषधाच्या खिडकीवर बसायची. एचआयव्हीच्या रुग्णांना महिन्याच्या गोळ्या मोजून द्यायच्या, मागच्या बाटलीत किती उरल्या ते मोजायचं, उरल्या नसतील तर कार्डावर बरोबरची खूण करायची. नऊ वर्षं हेच काम, म्हणून नावच गोळीताई पडलेलं. घागरीत पडणाऱ्या गोळ्या तिच्याच खिडकीतून गेलेल्या होत्या. लांबून त्या तिला दिसल्या नव्हत्या. वाहिली जाणारी वस्तू फुलं असतील नाहीतर धान्य, असं ती धरून चालली होती.

तिला इथे आणलं होतं तिच्या धाकट्या बहिणीने. धाकटी समोरच्या लाँड्रीत इस्त्रीवर होती, आणि हे दालन म्हणजे त्याच लाँड्रीच्या जुन्या इमारतीचा वरचा मजला. पूर्वी इथे रुग्णालयांच्या आणि हॉटेलांच्या चादरी सुकत. नवी यंत्रं आली तशी इमारत बंद पडली. मालकाने ती रविवारपुरती बाबांना दिली होती.

गाणं थांबलं आणि बाबांनी कागदाची एक इवलीशी पुडी वर धरली.

"बायांनो, डॉक्टर काय म्हणतो? जन्मभर घे! अगं, जन्मभर घ्यायचं ते औषध, की जन्मठेप?" हशा पिकला. "माझी पुडी बघा, आठवडाभर रोज रात्री एक चिमूट. काय चमकतंय यात? सोनं! सात पौर्णिमा खल केलेलं सोनं. या सोन्याची लहर रक्तात शिरली ना, की जंतू लाजतो. लाजतो आणि खाली मान घालून निघून जातो! मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी हे मान्य केलंय, फक्त उघड बोलत नाहीत."

"का बोलत नाहीत?" एकीने भाबडेपणाने विचारलं.

"तेसुद्धा लाजतात," बाबा म्हणाले, आणि पुन्हा हशा झाला.

मग एक बाई पुढे आली. लाँड्रीत फाटलेल्या उशांच्या खोळींना टाके घालणारी, तुटल्या गुंड्या लावणारी, म्हणून गुंडीकाकू. नवरा याच आजाराने गेला, पण दवाखान्याची पायरी ती कधी चढली नव्हती. कुणी पाहिलं तर काम जाईल ही धास्ती. ती बोलायला लागली तशी तिचा चेहरा उजळला.

"पहिली पुडी घेतली आणि मी उडाले गं! खरंच उडाले. खाली चादरी वाळत घातलेल्या, हिरव्या, जांभळ्या, असे रंग की जागेपणी कुणी पाहिले नसतील. आणि बाबा पुढे पुढे जाताहेत. सकाळी उठले तर जमीन डुलतेय, नावेत बसल्यासारखी. पंधरा दिवस रोज दर्शन!"

"मलाही!" "मी समुद्राच्या तळाशी गेले होते!" चहूकडून आवाज आले.

गोळीताईच्या मनात कुठेतरी काहीतरी खुपलं, पण नेमकं काय ते कळेना. एवढ्यात रांगेत पुढे सरकलेली धाकटी घागरीशी पोचली. सात महिन्यांचं पोट सावरत ती वाकली, तिने पिशवीतून पांढरी बाटली काढली, आणि गोळीताईने ती बाटली ओळखली. मागच्याच सोमवारी तिने ती स्वतःच्या हाताने भरून दिली होती.

जिन्यात तिने धाकटीचा दंड धरला.

"कधीपासून?"

"ताई, इथे तमाशा नको."

"कधीपासून, विचारतेय मी!"

"चार महिने झाले."

"दर महिन्याला बाटली रिकामी आणतेस की तू! मी मोजते."

"रिकामीच होते ना," धाकटी म्हणाली. "तू कधी विचारलंस, गोळ्या कुणाच्या पोटात गेल्या ते?"

गोळीताई पायरीवर बसली. खरंच होतं. नऊ वर्षं तिने रिकामी बाटली पाहिली की बरोबरची खूण केली होती. साठ-सत्तर बायका दर महिन्याला रिकाम्या बाटल्या घेऊन येत, आणि तिला वाटे, किती नेमाने घेतात! बाबांच्या घागरीपुढे हात जोडणाऱ्या बायका आणि रिकाम्या बाटलीपुढे खूण करणारी ती, फरक काय राहिला?

"आणि तुझे यजमान?"

"ते त्यांच्या गोळ्या घेतात. त्यांना यातलं काही ठाऊक नाही. सांगू नकोस, तुला माझी शपथ." धाकटी शेजारी टेकली. "ताई, पहिलं पोर गेलं ना गं माझं. बाबा म्हणाले, पोटातल्या जीवाला रोज विष पाजतेस आणि वर आई म्हणवतेस?"

"पहिल्या वेळी तुला आजार आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. एक गोळी गेली नव्हती तुझ्या पोटात. तरी गेलं ना ते?"

धाकटी हळूच म्हणाली, "मला काही समजत नाही. मला एवढंच समजतं, की हे जगलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी गोळीताईने धाकटीला ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टर मॅडम कमी बोलणाऱ्या, पण बोलल्या की स्पष्ट. रक्त घेतलं. दोन दिवसांनी विषाणूंचा आकडा आला, रक्ताच्या मिलिलिटरमागे साडेतीन हजार.

धाकटीने टाळीच वाजवली. "बघा! चार महिने गोळी नाही, तरी साडेतीन हजारच! मग हे कुणी केलं? बाबांच्या सोन्यानेच ना?"

मॅडमनी आकड्याकडे पुन्हा पाहिलं. "तू खरंच एकही गोळी घेतली नाहीस?"

"पोटावर हात ठेवून सांगते."

"मग हा आकडा लाखाच्या घरात असायला हवा होता. तुझं म्हणणं खरं आहे, मला ते पटतंय. म्हणूनच मला हा आकडा आवडलेला नाही. कुणीतरी त्याला मारतंय, पण अर्धवट." त्यांनी नव्या औषधांची चिठ्ठी लिहिली. "जुनी गोळी आता भरवशाची नाही. या दुसऱ्या गोळ्या आजपासून घे. बाळंतपणाआधी आकडा खाली आला नाही, तर बाळाला लागण होऊ शकते. आपल्याकडे आठ-नऊ आठवडे आहेत. आणखी रक्त पाठवते, तुझ्यातला विषाणू कोणत्या औषधाला दाद देत नाही ते बघायला."

धाकटीने मान डोलावली, बाटली पिशवीत टाकली आणि बाहेर पडताच ताईला म्हणाली, "आकडा बाबांनी खाली आणलाय. आता मध्येच हे विष कशाला?"

"तुझ्या पाया पडते."

"पड. पण बळजबरी करू नकोस. तोंडात घातलीस तरी गिळणारी मीच आहे."

ते मात्र खरं होतं. खिडकीतून गोळी देता येते, घशाखाली उतरवता येत नाही. ती बाटली धाकटीच्या कपाटात तशीच बंद राहिली.

बारा दिवसांनी मॅडमनी गोळीताईला आत बोलावलं. त्यांच्यासमोर अहवाल होता.

"बस. एका गोळीत तीन औषधं असतात हे तू रोज सांगतेस. तुझ्या बहिणीचा विषाणू त्यातली दोन शिकलाय."

"शिकलाय म्हणजे?"

"हा विषाणू दिवसाला कोट्यवधी नकला काढतो आपल्या, आणि घाईघाईत. कॉपी करणारा आळशी विद्यार्थी जसा चुका करतो तशा चुका होतात. बहुतेक चुकलेले मरतात. एखाद्याची चूक अशी असते, की औषध त्याला लागतच नाही. पूर्ण मात्रेत तीनही औषधं असली, तर एकातून निसटलेला दुसऱ्यात सापडतो. नकला निघणंच बंद होतं, शिकायला सवडच मिळत नाही. पण औषध अर्धमुर्धं पोचलं, तर साधे मरतात आणि निसटलेल्याचं घराणं वाढतं."

"पण ती तर गोळी घेतच नव्हती."

"तेच." मॅडमनी अहवालातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "हा बदल बघ. असा बदल झालेला विषाणू औषधाला पुरून उरतो, पण लंगडत. औषध बंद केलं की धडधाकट भाऊबंद त्याला मागे टाकतात. महिन्या-दोन महिन्यांत तो असा दबून बसतो, की तपासणीत दिसतही नाही. हिच्यात चार महिन्यांनी तोच सगळ्यांच्या पुढे आहे. लंगडा पुढे कधी राहील? धडधाकटांना कुणीतरी रोज मारत असेल तर."

"म्हणजे औषध अजून तिच्या अंगात जातंय."

"रोज, थोडं थोडं. कुठून, ते तू शोध. तिला माहीत नाही आणि मला कळत नाही."

गोळीताई खिडकीवर येऊन बसली. समोर एक नवी मुलगी उभी होती. गोळ्या मोजायच्या ट्रेवर बाटली उपडी करून तिने सुरीच्या पात्याने पाच-पाच गोळ्या सरकवायला सुरुवात केली आणि तोंडाने नेहमीचं म्हणायला. दिवसातून दहादा म्हणायची, तिचं तिलाही ऐकू येत नसे.

"झोपताना घ्यायची. चुकवायची नाही. पहिले दहा-पंधरा दिवस रंगीबेरंगी स्वप्नं पडतील. कुणाला उडाल्यासारखं होतं, कुणाला बुडाल्यासारखं. सकाळी जमीन डुलल्यासारखी..."

ती थांबली.

"जमीन डुलल्यासारखी काय, ताई?" मुलीने विचारलं.

गोळीताईने ट्रेकडे पाहिलं. गोळ्या घासून त्यांच्या वरच्या पापुद्र्याचे बारीक पिवळे कण स्टीलवर पडले होते. रोज संध्याकाळी ती ते ओल्या फडक्याने पुसून टाकायची. खिडकीतून ऊन आलं होतं, आणि त्या उन्हात ते चमकत होते. अगदी सोन्यासारखे.

त्या दिवशी ती सुट्टीची वाट न पाहता लाँड्रीत गेली. इस्त्रीच्या खोलीत वाफ कोंदलेली. धाकटी चादर दाबत होती.

"तुझ्या पुडीतलं सोनं म्हणजे आपल्याच गोळ्यांची साल आहे."

"ताई, वेड लागलंय तुला."

"स्वप्नंही गोळीचीच. तुला पहिल्या महिन्यात पडली नव्हती? शेजारणीच्या गच्चीवर हत्ती चढला म्हणून रडत उठली होतीस!"

धाकटीने चादर उलटली. मग ती म्हणाली, "तेव्हा हत्ती होता. आता बाबा असतात."

"जागेपणी ज्याचं नाव घ्यायचं, तोच येणार ना स्वप्नात! बरं, माझं ऐकू नकोस. आपण ताडून बघू." गोळीताईने पिशवीतून डबा काढला. त्यात लाल टकटकीत गोळ्या होत्या, लोहाच्या, गरोदर बायकांना देतात त्या. "मॅडमना विचारलंय, थोड्याशा कुणाच्या पोटात गेल्या तर अपाय नाही. या रविवारी मी या घागरीत ओतते, पुष्कळशा. बाबा म्हणतात ते विष आपल्या अंगात जिरवतात. जिरवत असतील, तर पुढच्या रविवारी पुडीत सोनंच राहील. आणि माझं खरं असेल, तर पुडीत लाल कण निघतील. आजच सांगून ठेवते, मागाहून नाही."

धाकटीने इस्त्री उभी केली. "आणि नाही निघाले तर?"

"तर मी तुझ्या बाबांच्या पायावर डोकं ठेवीन, चारचौघांत."

"आणि निघाले तर मी तुझ्या गोळ्या घेईन," धाकटी म्हणाली. "पण ताई, देवाशपथ, मला वाटतंय की न निघोत. तू जिंकलीस तर या चार महिन्यांत मी माझ्या बाळाचं काय करून ठेवलं?"

त्या रविवारी गोळीताईने रांगेत उभं राहून लाल गोळ्या घागरीत ओतल्या. तो आठवडा दोघींनी कसाबसा काढला. नवी बाटली कपाटात बंदच होती, आणि आठवा महिना लागला होता.

पुढच्या रविवारी दालन खच्चून भरलं होतं. बाबांनी पुडी उघडली, आत पाहिलं, जरासे अडखळले आणि लगेच सावरले. जिभेवर साखर, ती काही उगीच नव्हती.

"बायांनो, आज भाग्य उघडलं तुमचं! आज सोन्यासोबत माणिक उतरलंय! लाल माणिक! हे रक्ताचं रक्त आहे. मी स्वतः आठ दिवस उपाशी राहून ते आकाशातून मागून घेतलंय."

जमावातून आनंदाचा सुस्कारा उठला. धाकटीने आपली पुडी तळहातावर उलटी केली. पांढऱ्या भुकटीत पिवळे कण होते, आणि त्यांच्यात ठळक, टकटकीत लाल. ती रडेल असं गोळीताईला वाटलं. ती रडली नाही. ती घागरीकडे बघायला लागली, मग घागरीखालच्या गालिच्याकडे, मग खिडक्यांकडे, जणू काही मापं घेत होती.

"घसरगुंडी," ती पुटपुटली.

"काय?"

"ताई, मी अठराव्या वर्षी याच दालनात लागले. इथे मधोमध जमिनीत भोक होतं. डाग राहिलेली चादर पुन्हा धुवायला खाली ढकलायचो आम्ही. घसरगुंडी म्हणायचो तिला. ती खालच्या, मळके कपडे निवडायच्या, निवडीच्या खोलीत उतरते." तिने मंचाकडे बोट दाखवलं. "बाबांची घागर तिच्यावर बसलीय."

इतक्या दिवसांत हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. यायचं कसं? शोधत कोण होतं?

धाकटी जिना उतरायला लागली. पोटावर एक हात, कठड्यावर दुसरा. गोळीताई मागे, आणि दोघींना असं जाताना पाहून गुंडीकाकू आणि आणखी दहा-बाराजणी मागोमाग. निवडीच्या खोलीला कडी होती, कुलूप नव्हतं. आत छतातून पत्र्याचा तिरपा नळ उतरला होता. त्याच्या तोंडाशी गादीच्या खोळी अंथरल्या होत्या, आवाज होऊ नये म्हणून. पोत्यात पिवळ्या गोळ्या, वर चिमूटभर लाल. शेजारी मिक्सर, मैद्याची चाळण, पिठीसाखरेचा डबा आणि कापलेल्या कागदांची चळत. वर बाबांचं गाणं चाललेलं ऐकू येत होतं. दे गं बाई भार दे. आणि तेवढ्यात नळातून खळखळत कुणाच्या तरी महिन्याभराच्या गोळ्या खाली आल्या आणि खोळींवर पसरल्या.

धाकटीने चाळण उचलली, दुसरीने मिक्सर घेतला, आणि सगळ्या वर चढल्या.

मंचासमोर जे झालं त्यात आरडाओरडा फार होता. बाबा म्हणाले, हे शत्रूंचं कारस्थान आहे. बाबा म्हणाले, श्रद्धेची परीक्षा आहे. गोळीताईने घागर दोन्ही हातांनी उचलली; खाली गालिच्याला वाटोळं भोक पाडलेलं होतं. तिने जमावाकडे घागरीचा तळ केला. तळ नव्हताच. त्यातून तिचा चेहरा पलीकडे दिसला.

"आता माझं ऐका," ती म्हणाली. गळा तिचाही चांगला होता, शेवटपर्यंत पोचला. "पुडी खोटी असती तर मी एवढी घाबरले नसते. तिच्यात औषध आहे, तुमचंच औषध. म्हणून तर पहिल्यांदा बरं वाटतं, स्वप्नं पडतात. पण साखर घालून पातळ केलेलं, आज चिमूटभर, उद्या त्याहून कमी. एवढ्याने विषाणू मरत नाही. शिकतो."

"शिकतो म्हणजे काय?" मागून एकजण चिडून म्हणाली. "जंतूला काय डोकं असतं?"

उत्तर धाकटीने दिलं. चाळण अजून तिच्या हातात होती.

"त्या हॉटेलच्या गाद्यांतले ढेकूण आठवतात? मुकादमाने औषधात पाणी घालून फवारलं होतं, पुरवायला. काय झालं? अर्धे मेले, आणि उरले त्यांची पिलावळ अशी निघाली, की नंतर अस्सल औषध मारलं तरी जागची हलेना. ढेकणाला कुठे डोकं होतं? जे मेले नाहीत त्यांचीच पोरं झाली, एवढंच." तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "माझ्या रक्तात तसलेच झालेत. माझ्या बाळापर्यंत पोचायला टपलेत. हे मी केलं, हौसेने, गाणी म्हणत."

सगळ्या धाकटीकडे बघत असताना बाबा मागच्या दाराने सटकले. चाळीसेक बायका त्यांच्या मागून गेल्या, हे सांगायलाच हवं. एक तर जाताना गोळीताईच्या अंगावर थुंकली. सगळ्यांचे डोळे एकदम उघडले असं काही झालं नाही.

गुंडीकाकू मात्र जागची हलली नव्हती. "मग माझी स्वप्नं गं?" तिने विचारलं.

"गोळीची होती, काकू."

"पण मी उडाले होते." तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. "जन्मात पहिल्यांदा कुठेतरी गेले होते मी."

गोळीताईने तिला जवळ घेतलं. दुसऱ्या दिवशी गुंडीकाकू आयुष्यात पहिल्यांदा दवाखान्यात आली, आणि तिच्या रक्ताचा अहवाल आला तेव्हा मॅडमनी गोळीताईला बोलावून तो दाखवला. जिने औषधाची खिडकी कधी पाहिली नव्हती, तिच्या अंगातला विषाणू ते औषध आधीच शिकून बसला होता. पहिलीच गोळी तिच्यासाठी निकामी झालेली. तिला दुसऱ्या फळीच्या औषधावरच सुरुवात करावी लागली. त्याच्यापुढची फळी दवाखान्यात मिळत नव्हती.

पोलिसांत तक्रार झाली, मिक्सर आणि पोतं जप्त झालं. बाबा कुठे गेले ते कळलं नाही. आवाज गोड आहे, कुठेतरी गात असतील.

धाकटीने त्याच रविवारी दुपारी कपाटातली बाटली उघडली. नव्या गोळ्या मोठ्या, दिवसातून दोनदा, घेतल्या की मळमळ सुटायची. ती नाक दाबून गिळायची आणि घड्याळ बघायची. बाळंतपणाच्या वेळी आकडा दीडशेवर आला होता, हवा होता त्याहून जास्त. मुलगी झाली. मॅडमनी सांगितलं, मुलीला बारा आठवडे सिरप, एकही वेळ चुकवायची नाही. आणि धाकटीला सांगितलं, की शिकलेले विषाणू तिच्या अंगात आता कायमचे मुक्कामाला आहेत. दबून राहतील, जाणार नाहीत. जुनी गोळी तिला पुन्हा कधी चालणार नाही.

सहा आठवड्यांनी मुलीचा पहिला अहवाल आला. लागण आढळली नाही.

"देवाची कृपा!" रांगेतली एक बाई म्हणाली.

"आहेच," धाकटी म्हणाली. मुलगी तिच्या खांद्यावर झोपली होती. "पण अजून तपासण्या राहिल्यात, दीड वर्षापर्यंत. आणि सिरप मी पाजलंय, सकाळ-संध्याकाळ."

शेजारी एक अगदी तरुण मुलगी बसली होती, नुकतीच पोटुशी. तिने आवाज खाली आणला. "खरं सांगा, त्या पुडीने थोडं तरी बरं वाटायचं का?"

"वाटायचं. न वाटतं तर इतक्या जणी फसलो असतो का?"

"मग कळायचं कसं, खरं कोण आणि खोटं कोण? पांढरा कोट घालून इथेही सांगतातच की."

धाकटीने मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "विचारायचं. आत काय आहे ते विचारायचं. लागू पडलं नाही तर कशावरून कळेल ते विचारायचं. मी चार महिने बाबांना एवढं विचारलं असतं, तर आज माझ्या रक्तात हे बसलं नसतं. जो नीट सांगेल त्याच्याजवळ थांब, आणि विचारल्यावर जो डोळे वटारेल तिथून ऊठ, मग तो कितीही गोड गाऊ दे. मी सांगितलं म्हणूनही ऐकू नकोस. खिडकीत बसलीय ना, ती माझी सख्खी बहीण आहे. तिलासुद्धा विचार."

"आणि देव?"

"त्याला रोज हात जोड. मीही जोडते. तुझ्या गोळ्या त्याला नको आहेत."

रांग पुढे सरकली. ती तरुण मुलगी खिडकीशी पोचली, कार्ड पुढे केलं आणि बाटली हातात आली तरी तिथेच उभी राहिली. मागच्या बायका चुळबुळल्या.

"ताई," ती म्हणाली, "या गोळीत काय आहे?"

गोळीताईने मागच्या रांगेकडे एकदा पाहिलं. मग ट्रे बाजूला सरकवला, स्टूल पुढे ओढलं, आणि तिला पहिल्यापासून सांगायला बसली.